विषय: महापौर परिषदेतला ठराव आणि ग्रीन कार्डची रांग

प्रेषक: राजेंद्र

नमस्कार मंडळी,

विद्याताईंचा कालचा मेल वाचला. जूनमध्ये अमेरिकेतल्या महापौरांची राष्ट्रीय परिषद भरते, तिथे आपल्या महापौरबाईंनी ग्रीन कार्डच्या (इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेबद्दल ठराव मांडावा म्हणून सह्यांचं पत्र द्यायचं, असं त्यांचं म्हणणं आहे. मला हे पटत नाही. इमिग्रेशन हा काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा विषय. महापौरांनी रस्ते, पाणी, कचरा बघावा. देशभरच्या महापौरांनी एकमताने ठराव केला तरी वॉशिंग्टनला तो बांधील नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

राजेंद्र

---

प्रेषक: विद्या

राजेंद्र, नमस्कार.

ठराव बांधील नसतो, हे खरंच आहे. पण ही परिषद जन्मली तीच वॉशिंग्टनकडे मागणी करायला. १९३२चा जून. मंदीने डेट्रॉइटचे कारखाने बंद पडलेले, बेकारांना पोसता पोसता शहराची तिजोरी रिकामी झालेली. महापौर फ्रँक मर्फी यांनी इतर शहरांच्या महापौरांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांनी मिळून केंद्राकडे मदत मागितली. तोवर बेकारांना मदत करणं हे गावाचं आणि धर्मादाय संस्थांचं काम, अशीच समजूत होती. त्याच जुलैत अध्यक्ष हूव्हर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात या मदतीसाठी राज्यांना ३० कोटी डॉलर कर्जाऊ देण्याची तरतूद होती. हे एकट्या महापौरांचं श्रेय नाही, दबाव चहूकडून होता. पण उपाशी माणूस शेवटी सिटी हॉलच्याच दारात येतो, हे वॉशिंग्टनला सांगायला तेच गेले होते.

आता कामकाज कसं चालतं ते सांगते, कारण आपलं पत्र वेळेत जायला हवं. ३० हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांचे महापौर या परिषदेचे सभासद. अशी शहरं देशात सुमारे १,४००. कुठलाही सभासद महापौर ठराव पाठवू शकतो, पण तो अधिवेशनाच्या काही आठवडे आधी पोचावा लागतो. मग तो विषयाप्रमाणे एखाद्या स्थायी समितीकडे जातो. खरी झुंज तिथे होते. कुणी शब्द बदलून मागतो, कुणी उपसूचना आणतो, काही ठराव तिथेच पडतात. समितीतून निभावलेला ठराव शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर मताला येतो. मंजूर झाला की ते परिषदेचं अधिकृत धोरण होतं आणि तिची वॉशिंग्टनमधली माणसं ते घेऊन खासदारांची दारं ठोठावतात.

२००५मध्ये सिएटलचे महापौर ग्रेग निकल्स यांनी हेच केलं. हवामानबदल रोखण्यासाठीच्या क्योटो करारातून अमेरिका बाहेर राहिली, तेव्हा त्यांनी शहरांनाच आवाहन केलं की हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९०पेक्षा ७ टक्के कमी हे लक्ष्य आपण पाळू. त्या जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने त्याला पाठिंबा दिला आणि पुढे १,०००हून जास्त महापौरांनी सह्या केल्या. शहरांना ऊर्जाबचतीसाठी थेट अनुदान द्या, ही मागणी परिषदेने लावून धरली. २००७च्या कायद्यात ती योजना आली आणि २००९मध्ये तिला ३.२ अब्ज डॉलर मिळाले. चार वर्षं लागली, पण पैसा शहरांपर्यंत आला.

२०११चं बाल्टिमोर अधिवेशन मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ऑरेगनमधल्या यूजीनच्या महापौर किटी पियर्सी यांनी ठराव आणला की इराक-अफगाणिस्तानातली युद्धं आवरा आणि तो पैसा देशातल्या गरजांकडे वळवा. युद्ध हा महापौरांचा विषय नाही, असं तेव्हाही म्हटलं गेलं. ठराव मंजूर झाला. व्हिएतनामनंतर पहिल्यांदाच परिषद युद्धाविरुद्ध बोलली. युद्ध लगेच थांबलं नाही, मान्य. पण बगदादमध्ये पूल बांधायला पैसे आहेत आणि बाल्टिमोरमध्ये नाहीत, हे महापौरांनी नाही विचारायचं तर कुणी?

आपले महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला. तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. सरकारनियुक्त सभासद असून. नगरपालिकेत बसलेल्या माणसाने वरच्या सत्तेबद्दल बोलू नये, हे मी तरी मान्य करणार नाही.

आता आपला प्रश्न. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांची झाली. आईवडिलांबरोबर लहानपणी इथे आलेली मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून गळतात. ही मुलं इथल्याच शाळांत शिकली, शहराने त्यांच्यावर खर्च केला, आणि कमावती व्हायच्या वेळी त्यांच्यातल्या काहींना देश सोडावा लागतो. यात शहराचं नुकसान नाही का?

विद्या

---

प्रेषक: राजेंद्र

विद्याताई, मुलांचा मुद्दा पटला. पण मंडळाच्या लेटरहेडवर पत्र नको. आपण करमुक्त संस्था आहोत. शिवाय या प्रश्नावर आपल्यातच मतभेद आहेत. सगळ्यांच्या नावाने कसं बोलणार?

राजेंद्र

---

प्रेषक: विद्या

राजेंद्र, कायद्यावर मत मांडायला करमुक्त संस्थेला मर्यादेत मुभा आहे, बंदी आहे ती उमेदवाराच्या प्रचाराला. तरीही मतभेदाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. लेटरहेड नको. ज्याला पटेल त्याने आपल्या नावाने सही करावी आणि खाली आपण शहरात किती वर्षं राहतो, काय काम करतो, मुलं कुठल्या शाळेत आहेत ते लिहावं. महापौरांना समितीत उभं राहून हेच सांगावं लागेल.

मसुदा मी रविवारपर्यंत पाठवते. त्यात २१ वर्षांच्या मुलांचाच मुद्दा आधी घेते, रांगेचा नंतर. समितीत निदान तेवढा तरी टिकेल. तुम्ही एकदा नजर घालाल का? विरोधी बाजूने वाचणारं कुणीतरी हवंच आहे.

विद्या