गावात ‘मानसिक आरोग्य’ म्हटलं की कोणी येत नाही. सुरुवात कुठून करावी?

पाणंद_बीड यांचा प्रश्न

ग्राम आरोग्य समितीचं काम पाहतो. गाव २२०० वस्तीचं, आशाताई दोन, बचत गट अकरा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडायचा आणि १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, शिबिर घ्यायचं असं ठरतंय. पण शिबिराचं नाव काढलं की “आमच्यात कोणी वेडं नाही” हे उत्तर तयार. सोयरिकी मोडतील ही भीती सगळ्यात मोठी. आणि ज्यांना खरंच त्रास आहे ते आधी देवऋष्याकडे जातात. पत्रकं वाटण्यापलीकडे काय करता येईल?

उपकेंद्र_७

ग्रामसभा आणि शिबिर दोन्ही पुढे ढकला. आधी उपचाराची सोय पक्की करा. “औषधानं बरं वाटतं” असं सांगून माणूस तालुक्याला पाठवला आणि तिथं डॉक्टरही नाहीत, गोळ्याही नाहीत, असं झालं की ते घर पुन्हा तुमचं ऐकत नाही. शेजारची चार घरंही नाही.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. त्यांना तीन गोष्टी विचारा: आपल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येता, गोळ्या किती दिवसांच्या देता, आणि संपल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतील का. उत्तरं लिहून आशाताईंकडे ठेवा.

मग नाव. वेगळा फलक लावू नका. आरोग्यवर्धिनी केंद्रात बीपी-शुगर तपासायला लोक येतातच, त्याच रांगेत हे बसवा. “डोक्यावर ताण आहे का?” असं विचारलं तर नाहीच म्हणणार. झोप कशी लागते, जीव घाबरा होतो का, छातीत धडधडतं का, कामात मन लागतं का, हे विचारा. मात्र आजाराचं निदान झालं की डॉक्टरांनी रुग्णाला एकांतात आजाराचं नाव स्पष्ट सांगायला हवं. “शक्तीच्या गोळ्या आहेत” म्हणून दिल्या तर तो चार दिवसांत बंद करतो.

नैराश्याच्या चाळणीला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेना असं किती दिवस झालं, आणि उदास-निराश किती दिवस वाटलं? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर नऊ प्रश्नांची पूर्ण यादी घ्यायची, तिथं १० किंवा जास्त असेल तर डॉक्टरांकडे. यादीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला “हो” आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टर. आणि कृपा करून हे प्रश्न ओसरीवर, सासूसमोर, जावेसमोर विचारू नका. तिथं सगळ्यांची बेरीज शून्यच येते.

खरी गळती औषध सुरू झाल्यावर होते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, पित्त, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण मागाहून. हे आधी सांगितलं नसेल तर “गोळीनं बिघडलं” ही बातमी गावभर होते. आशाताईची एक फेरी पाचव्या-सहाव्या दिवशी आणि दुसरी दोन आठवड्यांनी ठेवा. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू कमी करत.

मोहोर

वरच्याला जोडून, ऐकणारी माणसं कोण असावीत याबद्दल. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ म्हणून उपक्रम झाला, पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. त्यात गावातलेच स्वयंसेवक शिकवून तयार केले. काही जण फक्त त्रासातली माणसं ओळखून पुढे सांगायचे, काही जण चार-सहा बैठका घेऊन ऐकायचे. पगारी समुपदेशक गावात राहत नाही, शेजारीण राहते.

निवडताना पुढारी टाळा. ज्यांच्या घरी लोक आपणहून मन मोकळं करायला जातात अशा बायका-माणसं शोधा. प्रत्येक आळीतून आणि वस्तीतून एक तरी हवी, नाहीतर सगळे भावकीतलेच जमतात आणि बाकीचं गाव लांब राहतं. तुमच्याकडे आठ-दहा पुरेत. पहिला नियम एकच: ऐकलेलं बाहेर जाणार नाही, बचत गटाच्या वहीतही नाही. एकदा जरी फुटलं तरी काम संपलं.

सल्ला देण्याची सवय मोडावी लागते. “देवाचं नाव घे”, “पोरांकडे बघ”, “आमच्यावर काय कमी वेळ आली?” ही तीन वाक्यं तर बंदच. त्यापेक्षा कर्जाचा कागद, निराधार योजनेचा अर्ज, दारूड्या नवऱ्याचा प्रश्न, यात सोबत गेलं की माणूस पुढचं बोलतो. ताणाचं मूळ अनेकदा तिथंच असतं.

भीती घालवायला भाषणापेक्षा बरं झालेलं माणूस जास्त उपयोगी पडतं. मात्र तब्येत काही महिने स्थिर हवी, त्याची स्वतःची मनापासून संमती हवी, आणि ऐनवेळी नको म्हटलं तर चालेल हे त्याला आधीच सांगितलेलं हवं. सुरुवात बचत गटाच्या दहा-पंधरा बायकांसमोर, दहा मिनिटं. आजाराचं वर्णन थोडं, “आता परत शेतात जाते, हिशेब ठेवते” हे जास्त. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही.

सोयरिकीचं: “लग्न लावून द्या, बरा होईल” हा सल्ला सगळ्यात घातक. आजार तसाच राहतो आणि दुसऱ्या घराची पोर त्यात अडकते. उपचार आधी. मुलगी औषधावर असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. सोडियम व्हॅलप्रोएटसारख्या काही गोळ्यांनी बाळात व्यंग येऊ शकतं, पण म्हणून स्वतःच्या मनानं गोळी तोडायचीही नाही.

तिवसा_रोड

देवऋष्याशी भांडण मांडू नका. रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच असतो. गुजरातमधल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ अशी सांगड घातली गेली: श्रद्धेचं श्रद्धेपाशी, पण औषधही तिथंच. तुमच्याकडे त्याला चार खुणा शिकवा: दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, अन्नपाणी सोडलं, कानात आवाज येतात, मरणाची भाषा. यातलं काही दिसलं की “माझा अंगारा ने, पण डॉक्टरकडेही जा” एवढं त्यानं म्हटलं तरी पुष्कळ.

जिथं तडजोड नाही ते म्हणजे मारहाण, चटके, साखळदंड. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या जागेत, आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून गेली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ नं साखळी बांधायला मनाई आहे. चटके-मारहाणीला राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. घरच्यांना मात्र गुन्हेगार ठरवू नका. बांधून ठेवणारी आई बहुतेक वेळा थकलेली आणि एकटी असते.

पाणंद_बीड

फार उपयोगी. फवारणीचं औषध प्यालेल्यांना पोलीस केसच्या भीतीनं उशिरा नेतात, तिथं काय सांगावं?

उपकेंद्र_७

१ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम नाही. २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम तर अशा माणसाला तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतं. दवाखान्यात नोंद होईल, ती होऊ द्या. उलटी करवत बसू नका, डबा सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

त्याआधीचं काम: फवारणीचे डबे घरात उघडे नकोत. कुलूपबंद पेटी, किल्ली दुसऱ्याकडे, उरलेलं औषध साठवायचं नाही. झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा वेळ डबा हाती लागला नाही तर जीव वाचतो. आणि थेट विचारायला घाबरू नका: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “हो” म्हटलं तर एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

मोहोर

काम होतंय का हे शिबिराच्या गर्दीवर मोजू नका. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम झाला, तिथं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. तुम्हीही तेच मोजा, नावाशिवाय: या महिन्यात किती जण डॉक्टरांपर्यंत पोचले, किती जण दुसऱ्यांदा गेले. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यापेक्षा खाली आला तर ग्रामसभा थांबवा आणि गोळ्यांचा पुरवठा आणि आशाताईंच्या फेऱ्या तपासा.