क्यू आहे, पण पाठोपाठ यू नाही : अक्षरं मोजायची की वर्ण?

रामबाग, इंदूर

भाची सातवीला आहे. शाळेतून तिनं एक कोडं आणलं: ज्यांत क्यू आहे पण क्यूच्या लगेच पुढे यू नाही, असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधा. संध्याकाळभर तिची गाडी क्वीन आणि क्विकच्या पुढे सरकेना, तेव्हा मीही वही घेऊन बसलो.

क्यूला यू चिकटला कसा, इथून सुरुवात केली. जुन्या इंग्रजीत राणीला सी-डब्ल्यू-ई-एन असं लिहीत. १०६६ नंतर इंग्लंडात नॉर्मन राज्य आलं आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्या सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू लिहायला घेतला. म्हणजे ज्या शब्दात क्यूपुढे यू नाही, तो या वाटेनं आलेला नाही. तो बाहेरचा, आणि पुष्कळदा मुळात अरबी. तिथला क्यू पडजिभेजवळून निघणाऱ्या क साठी आहे, जो हिंदीत क खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊन लिहितात. मराठीनं हा भेद ठेवला नाही. इंदूरला राहून एक बरं झालं, बंबई बाजारात तो क अजून कानावर पडतो.

मग शब्द भराभर सुचले. फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर (के घालून लिहायची रीत जास्त चालते, पण कोशात हेही रूप आहे). तलाक: टी-ए-एल-ए-क्यू. नकाब: एन-आय-क्यू-ए-बी. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा: क्यू-आय-बी-एल-ए. बुरखा: बी-यू-आर-क्यू-ए.

आणि माझा लाडका, क्यू-ए-एन-ए-टी. डोंगराच्या पायथ्याचं भूजल उताराच्या बोगद्यातून गावापर्यंत आणायची ही इराणी पद्धत. त्यासाठी लांब जायला नको. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हेच आहे. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, आणि वर ओळीनं कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी तोंडं, ठेवली. मी खाली उतरून ते पाणी पाहिलेलं आहे, थंडगार. या शब्दाचं स्पेलिंग वाचलं की आपल्याला लग्नमांडवाची कनात आठवते, पण इथला अर्थ पाण्याच्या वाटेचा आहे.

आता प्रश्न. फकीर हा शब्द भाचीला माझ्याआधीच सुचला होता, आणि तिनं खोडला होता. का, तर "मामा, तो तीन अक्षरी आहे ना." तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. फ, की, र. मग इंग्रजी कोड्यात 'पाच अक्षरी' म्हणणं बरोबर आहे का?

बडोदा

दादा, भाचीनं मोजलं ते आपल्या भाषेच्या हिशेबानं चोख आहे. आपलं अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा घास, जोडाक्षरासकट. मोठ्या अभंगात ६-६-६-४ अक्षरं मोजतो तेव्हा 'ध्या' एकच धरतो. शब्दकोड्यातही जोडाक्षराला एकच घर. तुम्हाला हवा असलेला शब्द 'वर्ण'. फकीर सोडवून लिहा: फ्, अ, क्, ई, र्. शेवटचा अ आपण बोलत नाही. झाले पाच.

एक दुरुस्ती. बुरख्यात यू आहे, फक्त तो क्यूच्या आधी आहे. तुमच्या कोड्यात 'लगेच पुढे यू नाही' असं आहे म्हणून तो चालतो. 'यू मुळीच नको' अशी अट असती तर बाद झाला असता. मुलांना हा फरक आधी समजावून द्या, इथेच त्यांचे गुण जातात.

रामबाग, इंदूर

ताई, तुमचं वाचून रात्री सगळे शब्द सोडवून पाहिले आणि झोप उडाली. त्, अ, ल्, आ, क्: पाच. क्, अ, न्, आ, त्: पाच. बुरखा आपण बुर्खा असाच बोलतो. ब्, उ, र्, ख्, आ: पाच. कव्वाली आपल्याकडे तीन अक्षरी, पण क्, अ, व्, व्, आ, ल्, ई असे सात वर्ण, आणि इंग्रजीतही क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, सातच! एकही कमीजास्त नाही. हे शब्द इंग्रजीत आले तेव्हा एकेका ध्वनीला एकेक चिन्ह देऊन उतरवले गेले, म्हणून हिशेब असा जुळतो. शोधायची युक्तीही यातच सापडली: व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घडणीचा आणि नुक्त्याच्या क चा शब्द आठवायचा, मग कोश उघडायचा.

महू

मला 'वर्ण' पटत नाही. वर्ण हा ध्वनी आहे, इंग्रजीचं लेटर हे चिन्ह. तुमच्या परक्या शब्दांत दोन्ही जुळतात. क्वीन घ्या: क्, व्, ई, न्, चारच वर्ण, आणि स्पेलिंग पाचाचं. स्ट्रेंग्थ आपल्याकडे दोन अक्षरी, इंग्रजीत आठ चिन्हं. घरात आपण 'स्पेलिंगमधली पाच अक्षरं' म्हणतो, त्यात कोणाचा घोटाळा होत नाही. 'स्पेलिंगमधली' हा शब्द गाळू नये, एवढंच.

रामबाग, इंदूर

हे मान्य. भाचीला आज तसंच सांगितलं, आणि तिनं वहीत फकीर पुन्हा लिहिला.

आता ती चार अक्षरी मागते आहे, स्पेलिंगमधली चार. मी काझी सांगितला: क्यू-ए-डी-आय. तिनं लगेच विचारलं, झ आहे तर झेड का नाही? अरबीत ते मूळ व्यंजन जड ड सारखं आहे, फारसीत त्याचा उच्चार झ झाला. आपल्याकडे शब्द फारसीतून आला म्हणून काझी. इंग्रजीचं हे स्पेलिंग अरबी उच्चाराला धरून आहे. याच व्यंजनाचा आपल्याकडचा आणखी एक शब्द रमझान. तोही वर्ण सोडवून पाहतो आहे.