शाल स्वयंपाकाच्या मावशींच्या हातून द्या

शाळा सुधारणा समितीच्या अध्यक्षकाकांना शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा असं ठरलंय, ते योग्यच आहे. त्यांची धाकटी मुलगी सातवी पास झाली, म्हणजे नियमाप्रमाणे त्यांचं पालक-सदस्यत्व संपलं. पण भाषणात येणार नाही ते इथं लिहितो.

कर्नाटकातल्या आपल्या खानापूर तालुक्यातला पाऊस कुणाला सांगायला नको. मी चौथीत असताना आषाढात वर्ग गळायला लागला. काका लुंगी खोचून शिडीवर चढले आणि फुटकी कौलं एकेक करून खाली आम्हा पोरांच्या हातात देत राहिले. शेवाळानं हात हिरवेगार झाले होते त्यांचे.

परिपत्रकं कन्नडमधून येतात. ती काका पालकसभेत वाचायचे, मग ओळ न ओळ मराठीत समजावून सांगायचे. माझी आई सभेत पहिल्यांदा बोलली ती त्यामुळेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत निम्म्या महिला हव्यात. काकांनी त्यांना नुसत्या सह्यांपुरतं ठेवलं नाही.

अक्षरदासोहाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, सांबार ते पोरांच्या आधी चाखून बघायचे. म्हणून म्हणतो, शाल पुढाऱ्यांऐवजी स्वयंपाकाच्या मावशींच्या हातून द्या. मी आईला घेऊन येतोय.