रोजच्या सायकलीवर पहिला खर्च कुठे करावा : टायरवर, गिअरवर की नव्या सायकलीवर?

(टोपणनावाने लिहिणाऱ्या चार सायकलस्वारांची चर्चा)

सुदामानगरकर

गेली तीन वर्षे मी इंदूरमध्ये सुदामानगरहून विजयनगरला कामावर सायकलने जातो. महूनाका, पलासिया, एलआयजी असा रस्ता आहे आणि एका वेळचे अंतर साधारण अकरा किलोमीटर भरते. रविवारी कधी राऊवरून महूला, तर कधी खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जाऊन येतो. माझी सायकल अॅल्युमिनियम फ्रेमची साधी रोड बाइक आहे; पुढे पायडलजवळ दोन चेनरिंग (दातेरी चाके), मागे आठ गिअर आणि रिमवर घासणारे ब्रेक.

गेल्या दिवाळीत शिमानो कंपनीचा १०५ हा अकरा गिअरचा संच बसवून घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. हिशेब मांडला तेव्हा कळले की नुसती कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, बदलून हे काम होत नाही. हँडलवरच्या गिअर-ब्रेकच्या लिव्हर, पुढचा-मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), चेन आणि कॅसेट हे सगळेच बदलावे लागते आणि अनेकदा मागच्या चाकाचा हबही. ते पैसे मी बाजूला ठेवले आणि त्यांच्या अगदी थोड्या भागात तीन कामे करून घेतली. पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवावरून लिहितो.

पहिले काम टायरचे. सायकलीला २५ मिलिमीटरचे टायर होते आणि त्यांत मी शंभर पीएसआय हवा भरत असे, कारण टणक टायर वेगवान असतो ही समजूत मनात घट्ट होती. त्यांच्या जागी २८ मिलिमीटरचे टायर घातले आणि हवा पुढे ७०, मागे ७८ पर्यंत उतरवली. टणक टायरवर रस्त्याचा प्रत्येक खडा हातापर्यंत पोहोचतो आणि ती थरथरच आपल्याला वेग वाटते. प्रत्यक्षात त्या प्रत्येक धक्क्याला सायकल आणि स्वार किंचित वर उचलले जातात आणि त्याची किंमत आपले पायच मोजत असतात. काँक्रीटच्या जोडांवर, खोदून बुजवलेल्या पट्ट्यांवर आणि गतिरोधकांवर जो फरक मला जाणवला, तो कोणत्याही गिअरने दिला नसता.

दुसरे काम सीटचे. ती जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली होती आणि दोन वर्षे मी गुडघेदुखीला वयाचे कारण देत आलो. भिंतीला पाठ लावून पायांची आतली उंची मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर साधारण तेवढे असावे. माझ्या पायांची ही उंची ७९ सेंटिमीटर भरली, म्हणजे सीट ७० सेंटिमीटरच्या आसपास हवी होती. त्यानंतर दुखणे महिनाभरात गेले.

तिसरे काम चेनचे. एक फूट लांबीत चेनच्या चोवीस कड्या बसल्या पाहिजेत. तेवढ्या कड्या एक सोळांश इंचाने पुढे गेल्या असतील, तर चेन ताबडतोब बदलावी, नाहीतर ती कॅसेटचे दातही खाऊन टाकते. माझे मत स्पष्ट आहे. रोजच्या सायकलस्वाराने ही तीन कामे होईपर्यंत गिअरसेट, कार्बन फोर्क (पुढचा चिमटा) किंवा हलकी चाके यांच्याकडे वळू नये.

चोरलचा चढ

टायर, सीट आणि चेन यांबद्दल आपण लिहिले आहे ते बरोबर आहे. मात्र त्यावरून गिअर आणि ब्रेक यांना आपण शेवटच्या रांगेत बसवले, हे मला पटत नाही. सुदामानगर ते विजयनगर हा रस्ता सपाट आहे. माळव्याचे पठार संपून रस्ता निमाडकडे उतरू लागतो तिथे, म्हणजे सिमरोलच्या पुढे चोरलच्या घाटात, एकदा उतरून परत चढून पाहावे.

माझ्याही जुन्या सायकलीवर पुढे ३४ आणि मागे २८ दात हाच सर्वांत हलका गिअर होता. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवले तर त्या गिअरवर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर जातो. चढावर तेवढाही वेग राखता येत नसेल, तर पायडलची गती चाळिसावर येते आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. मागे ३२ दात असतील, तर त्याच साठ फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटर पुरतात. आपण गुडघ्याचा दोष सीटला दिला आणि तुमच्या बाबतीत तो तसाच असेल. पण कित्येकांचे गुडघे गिअर जड असल्याने दुखतात.

ब्रेकची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. रिम ओली असली की लिव्हर दाबल्यावर पहिला क्षण केवळ पाणी पुसण्यात जातो. आपल्याकडच्या पावसात नुसते पाणी नसते, त्यात काळ्या मातीचा लगदा असतो; तो रबराच्या गुटक्यांत बसतो आणि प्रत्येक ब्रेकला रिम घासून पातळ करतो. दोन पावसाळ्यांपूर्वी घाट उतरताना एका वळणावर माझी सायकल थांबलीच नाही आणि मी डांबर सोडून बाजूच्या खडीत गेलो. हाड मोडले नाही, एवढेच. घरी आल्यावर डिस्क ब्रेक बसवून घ्यायचे ठरवले, तेव्हा कळले की रिम ब्रेकसाठी बनवलेल्या फ्रेमवर आणि फोर्कवर डिस्कचे कॅलिपर बसवायला जागाच नसते. तोवर त्या सायकलीवर मी चाके, हँडल, सीट आणि लिव्हर असे सुटे सुटे बदलत आलो होतो, आणि त्या सगळ्याची बेरीज केली तर आणखी एक पूर्ण सायकल आली असती.

म्हणून माझा सल्ला आपल्या उलट आहे. थोडे थांबावे, पैसे साठवावेत आणि एकदाच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क ब्रेकची, ३२ मिलिमीटरचे टायर मावतील अशी सायकल घ्यावी. सुटे भाग वेगवेगळे घेतले की पूर्ण सायकलीतल्या त्याच भागांपेक्षा बरेच महाग पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा थांबलेल्यांचे फारसे नुकसानही झालेले नाही.

रामबाग

तुम्हा दोघांचे म्हणणे मी दोनदा वाचले. दोघेही रोड बाइक गृहीत धरून बोलत आहात आणि माझा आक्षेप तिथेच आहे. ज्याला रोज कामावर जायचे आहे, त्याने वाकलेल्या हँडलची सायकल मुळात घ्यावीच का?

मी चाळीस वर्षे काळी सायकल वापरली. तिला चेनकव्हर होते, दोन्ही मडगार्ड होते, मागे कॅरिअर होते आणि खाली भक्कम स्टँड होता. धोतर नेसून जाणारा माणूसही तीवरून स्वच्छ कपड्यांनी पोहोचत असे. आजच्या रोड बाइकवर यांतले काहीच येत नाही. मे महिन्यात पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन निघालेला मुलगा पलासियाला पोहोचेपर्यंत घामाने भिजलेला असतो, तेच ओझे कॅरिअरवर असते तर पाठीला वारा लागला असता. पंक्चर झाले तर वेगळाच प्रश्न. त्या बारीक वॉल्व्हला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाचे तोंड बसत नाही आणि मुलगा सायकल हातात धरून चालत राहतो. शिवाय मान खाली घालून बसल्यावर डावीकडून घुसणारी ई-रिक्षा दिसणार कशी?

साहिबाबादचा अॅटलसचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. त्या बातमीने मला फार वाईट वाटले होते, कारण त्या सायकलींबरोबर उपयोगाची सायकल ही कल्पनाच बाजारातून मागे पडत गेली. आता दुकानात गेले की एका बाजूला शर्यतीची सायकल असते आणि दुसऱ्या बाजूला जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली वजनदार सायकल, जिची स्प्रिंग रोजच्या रस्त्यावर आपलीच ताकद खाते. सरळ हँडलची, स्प्रिंग नसलेली, मडगार्ड आणि कॅरिअर बसू शकेल अशी हायब्रिड घ्यावी, असे मी सर्वांना सांगेन. सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला वेगाचा फायदा दोन-तीन मिनिटांपलीकडे होत नाही.

सुदामानगरकर

काका, मडगार्ड आणि कॅरिअर यांच्याबाबत आपले म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. माझ्या फ्रेमला मागच्या बाजूला स्क्रूची भोके आहेत म्हणून मला कॅरिअर बसवता आले. ज्यांच्या फ्रेमला ती नाहीत त्यांची पंचाईत होते. वॉल्व्हचा प्रश्न मात्र फार लहान आहे. बारीक वॉल्व्हवर फिरवून बसवायची पितळेची टोपी मिळते, तिच्यावर कोणताही मोटारसायकलचा पंप चालतो, आणि ती मी कायम वॉल्व्हवरच ठेवतो.

बसण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. शहरात मी खालच्या वाकावर हात कधीच नेत नाही. हात लिव्हरच्या वरच्या उंचवट्यावर असतात, त्यामुळे मान वर राहते आणि ब्रेक बोटांखाली असतात. सपाट रस्त्यावर ताशी वीस-पंचविसाच्या पुढे सगळ्यात मोठा अडसर हवेचा असतो. उन्हाळ्यात दुपारी परतताना समोरून पश्चिमेचा वारा लागतो, तेव्हा थोडे वाकता येणे म्हणजे चैन नव्हे. त्या वेळी मला ते गरजेचे वाटते.

‘चोरलचा चढ’ यांनी घाटाबद्दल लिहिले ते मी टाळले होते, हे खरे. हलका गिअर हवाच. पण हलका गिअर आणि महाग गिअर यांत फरक आहे. आठ गिअरच्याच संचात २८ ऐवजी ३२ दातांची कॅसेट बसते आणि तिची किंमत फार नसते. हलक्या सायकलीचे म्हणाल, तर सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरले आणि त्यांतले दोन किलो कमी केले, तरी चाळीस मिनिटांच्या चढावर एक मिनिट वाचते. त्या एका मिनिटासाठी पन्नास-साठ हजार रुपये घालणारा माणूस रोज कामावर जाणारा असेल, असे मला वाटत नाही.

महूची रहिवासी

मी महूहून राऊपर्यंत शाळेत शिकवायला जाते, आठवड्यातून चार दिवस. आपल्या तिघांच्या चर्चेत एक गोष्ट कुणीच घेतली नाही, आणि ती पहिली असायला हवी होती : फ्रेमचे माप.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. पहिली रोड बाइक घेतली तेव्हा एका दुकानात मला सांगण्यात आले की सीट खाली केली की झाले. सीट खाली झाली, पण हँडल होते तिथेच राहिले. लिव्हरपर्यंत बोटे पोहोचावीत म्हणून मला दर वेळी पुढे ओढून घ्यावे लागे; वर्षभर माझी मान आखडलेली असायची आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर होत. उतारावर ब्रेक पूर्ण दाबला जात नसे, कारण लिव्हर माझ्या तळहातापासून लांब होती. हँडल धरणारा स्टेम आखूड केला, लिव्हर आत घेण्याचा स्क्रू फिरवला, थोडा आराम मिळाला. शेवटी ती सायकल विकली.

सुदामानगरकर, आपला सीटचा सल्ला ज्याची फ्रेम बरोबर आहे त्यालाच लागू पडतो. सीटची उंची नंतर बदलता येते, टायर बदलता येतात, गिअरही बदलता येतो. फ्रेमची लांबी बदलत नाही. म्हणून खर्चाचा क्रम लावण्याआधी फ्रेमचे स्टॅक आणि रीच, म्हणजे उभे आणि आडवे माप, लिहून घ्यावे. दोन कंपन्यांच्या लहान आकाराच्या फ्रेममध्येही ही मापे पुष्कळ वेगळी असतात. स्त्रियांना आणि कमी उंचीच्या पुरुषांना दुकानात बहुधा तीच सायकल दाखवली जाते, जी त्या दिवशी शिल्लक असते.

आणि काका, हायब्रिड घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही. माझ्या शेजारच्या ताईंची हायब्रिड त्यांना दोन मापांनी मोठी आहे.

चोरलचा चढ

ताईंचे म्हणणे मी माझ्या यादीत सर्वांत वर ठेवतो, आणि त्याने माझाच मुद्दा पक्का होतो असे मला वाटते. फ्रेमचे माप, डिस्क ब्रेकची जागा आणि जास्तीत जास्त किती जाड टायर मावतो, या तीनही गोष्टी फ्रेम घडवतानाच ठरलेल्या असतात. त्या चुकल्या असतील तर त्या सायकलीवर टायर आणि चेनचा खर्च करून रोजचा स्वार एक चूकच जपत बसतो. सुदामानगरकरांचे माप नशिबाने बरोबर निघाले म्हणून त्यांना तीन कामांत समाधान मिळाले.

सुदामानगरकर

माप बरोबर निघाले हे नशीबच होते, हे मी मान्य करतो; सायकल घेताना मी ते पाहिले नव्हते. ज्याची फ्रेमच मोठी आहे, त्याने माझ्या यादीवर एक रुपयाही घालू नये, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो. ज्याची फ्रेम बरोबर आहे आणि जो वर्षातून दोनदाच घाट उतरतो, त्याला नवी सायकल घ्या असे मी अजूनही सांगणार नाही. पावसाळ्यात मी घाटात जात नाही आणि ब्रेकचे गुटके दर जूनमध्ये बदलतो. ३२ दातांची कॅसेट मात्र या महिन्यात बसवून घेतो.

चोरलचा चढ

कॅसेट घेण्याआधी मागचा डिरेलर पाहून घ्यावा. त्याच्यावरच्या क्रमांकाच्या शेवटी जीएस असेल तर त्याचा केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग, एसएसपेक्षा लांब आहे आणि तो शिमानोच्या आठ गिअरच्या क्लॅरिस संचातला असेल तर ३२ दातांची कॅसेट चालते. एसएस असेल तर आधी त्याची मर्यादा तपासावी. जुनी चेन २८ दातांच्या मापाने कापलेली असेल, तेव्हा ती आखूड पडण्याची शक्यता आहे. नवी चेन कापण्यापूर्वी पुढचे मोठे चेनरिंग आणि मागचे सर्वांत मोठे दातेरी चाक यांच्यावरून ती डिरेलरमध्ये न ओवता फिरवावी आणि त्या लांबीत दोन कड्या जास्त ठेवाव्यात. चेन आखूड राहिली आणि चुकून तो गिअर पडला, तर डिरेलर मोडून तारांत अडकतो.