मदत हवी आहे : मुंबई बंदरात उधाणाच्या ओहोटीत एंटरप्राइजची शर्यत कशी आखावी?

नमस्कार. मी आणि माझी मुलगी मुंबई बंदरात एंटरप्राइज वर्गाच्या डिंगी (लहान शिडाच्या होडीच्या) शर्यतींत भाग घेतो. सुकाणू आणि मोठे शीड माझ्याकडे असते, जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, तिच्याकडे. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात सुरू झालेल्या हंगामाचा फेब्रुवारी उजाडला आहे आणि मे महिन्यात होड्या पुन्हा किनाऱ्यावर चढवण्यापूर्वी मालिकेतल्या बऱ्याच शर्यती व्हायच्या आहेत. पुढच्या वर्षी तिची बारावी असल्यामुळे पूर्ण हंगाम एकत्र खेळण्याची संधी लवकर मिळणार नाही, म्हणून उरलेल्या शर्यती नीट समजून घेऊन खेळाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमची सगळी अडचण एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, आणि ती म्हणजे ओहोटी.

हा वर्ग ज्यांच्या परिचयाचा नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एंटरप्राइज ही जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली, ४.०४ मीटर लांबीची, निळ्या शिडांची दोघांची डिंगी आहे. तिला स्पिनेकर (फुग्यासारखे मोठे शीड) नाही आणि ट्रॅपीझही (होडीबाहेर लटकण्याची तार) नाही. वारा मागून असताना जिब व्हिस्कर पोल नावाच्या काठीने दुसऱ्या बाजूला फाकवायची, एवढाच काय तो जादा सरंजाम. १९८२च्या दिल्ली एशियाडमधील शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या आणि त्यांत एंटरप्राइज हा एक वर्ग होता; ज्या पाण्यावर त्या शर्यती झाल्या त्याच बंदरात आपणही खेळतो याचे आम्हा दोघींना फार अप्रूप वाटते. आमचे दोघींचे मिळून वजन ११० किलोच्या आसपास भरते, म्हणजे या होडीला आम्ही थोड्या हलक्याच आहोत, परंतु वारा मध्यम असेपर्यंत त्याचा त्रास होत नाही.

मी शिडाची होडी चालवायला खडकवासल्याला शिकले. तिथे वारा डोंगरांतून वळणे घेत येतो, परंतु पाणी जागचे हलत नाही. बंदरात मात्र पाणीच वाहते, आणि ते रोज वेगळ्या वेळी, वेगळ्या जोराने वाहते. या हंगामातील आमचे निकाल समोर मांडून बसल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली, ती अशी की एका रविवारी आम्ही पहिल्या तिघांत असतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी ताफ्याच्या शेपटाला. सुरुवातीला हा वाऱ्याचा प्रश्न आहे असे वाटले होते, परंतु कॅलेंडरवरची तिथी निकालांशेजारी लिहिल्यावर उलगडा झाला. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात, हे अनेकांना माहीत असेलच. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ती दुपारी साडेअकरा ते पाऊणच्या दरम्यान येते. आमच्या शर्यती खारा वारा, म्हणजे दुपारी समुद्रावरून येणारा वारा, धरल्यानंतर, म्हणजे अडीचच्या सुमारास सुटतात. याचा अर्थ असा की उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या, रविवारी शर्यतीची वेळ आणि ओहोटीचा सर्वांत जोराचा काळ हे बरोबर एकमेकांवर येतात, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असलेल्या, रविवारी आम्ही मंद भरतीत खेळतो. उधाणाला मुंबईत पाणी साडेतीन मीटरपेक्षा अधिक उतरते, भांगाला जेमतेम दीड मीटर; हा फरक होडीच्या तळाखाली अक्षरशः जाणवतो. आमच्या मालिकेत दोन सर्वांत वाईट निकाल वगळण्याची मुभा आहे आणि ते दोन्ही उधाणानेच खाल्ले आहेत. उरलेल्या रविवारांपैकी निम्मे उधाणाचे आहेत.

आता प्रत्यक्ष आखणीविषयी. खारा वारा साधारण वायव्येकडून येतो, म्हणजे आमच्या मैदानावर तो कुलाबा आणि गेटवेच्या इमारतींवरून उतरून पाण्यावर येतो, त्यामुळे वाऱ्याकडचा बोया किनाऱ्याच्या बाजूला असतो आणि खालचा बोया बंदराच्या आत, आग्नेयेकडे. ओहोटी नैर्ऋत्येकडे, समुद्राच्या दिशेने ओढते. वर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने, चढताना ती आम्हाला सतत डावीकडे नेते. पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डाव्या बाजूने घेत, उत्तरेकडे तोंड असताना होडी पाण्यातून छान धावत असते, पण किनाऱ्यावरची खूण जागची हलत नाही. स्टारबोर्डवर (वारा उजव्या बाजूने घेत) वळल्यावर मात्र बोया झपाट्याने उजवीकडे सरकतो आणि ऐन वेळी आम्ही त्याच्या खाली सापडतो.

माझा मुख्य प्रश्न किनाऱ्याविषयी आहे. गेटवेसमोर नांगरलेल्या होड्यांकडे पाहिले की किनाऱ्यालगतच्या होड्या वाऱ्याकडे तोंड करून स्वस्थ डुलत असतात, तर थोड्या बाहेरच्या होड्यांची तोंडे वाऱ्याला न जुमानता ईशान्येकडे, येणाऱ्या पाण्याकडे वळलेली असतात. म्हणजे कडेला ओहोटी मंद आहे हे उघड दिसते. परंतु त्याच पट्ट्यात इमारतींमुळे वारा तुटक मिळतो. दोन इमारतींच्या फटीतून एक झोत येतो, आम्ही दोघी कडेवर वाकतो, आणि तेवढ्यात तो संपून होडी आमच्याच बाजूला कलंडू पाहते. बाहेर वारा सलग आहे, पण तिथे पाणी ओढते आणि एलिफंटा-मांडव्याच्या लाँचींच्या लाटा हलक्या होडीला जागीच थांबवतात. किनाऱ्याची बाजू केव्हा धरावी आणि केव्हा सोडावी, हे ठरवण्याची काही खात्रीची रीत आहे का?

दुसरा प्रश्न असा. क्लबातील एका ज्येष्ठ सदस्यांनी सल्ला दिला की पोर्ट टॅकवर ओहोटी होडीच्या वाऱ्याखालच्या गालावर, म्हणजे नाकाच्या वाऱ्यापासून लांबच्या बाजूवर, येते, तेव्हा किंचित अधिक वर धरून पाण्याला त्या गालावर घ्यावे, म्हणजे पाणीच होडीला वाऱ्याकडे ढकलते. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु तसे करताना आमचा वेग पडतो असे वाटते. हे तत्त्व खरे आहे का?

ज्यांनी बंदरात किंवा भरती-ओहोटीच्या कोणत्याही खाडीत डिंगीच्या शर्यती केल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपण तिथी आणि निकाल शेजारी-शेजारी मांडले, यातच निम्मे काम झाले आहे. मी बंदरात अनेक हंगाम एंटरप्राइज आणि नंतर लेझर (एकट्याची डिंगी) खेळलो, त्यामुळे आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातील गैरसमज फार जुना आहे. होडीभोवतीचे सगळे पाणी एकाच वेगाने सरकत असेल तर ते होडीच्या कोणत्याही गालावर वेगळे ‘आदळत’ नाही. धावत्या लोकलच्या डब्यात चालणाऱ्या माणसाला गाडीचा वेग अंगावर जाणवत नाही, तसेच हे आहे. पोर्टवर आपली वाट जमिनीच्या हिशेबाने थोडी वर दिसते हे खरे, पण ती शेजारच्या प्रत्येक होडीचीही तेवढीच वर दिसते. अधिक वर धरून आपण फक्त वेग गमावता. आपल्याला जाणवलेला वेगाचा फरक बरोबर आहे. होडी नेहमीसारखीच मोकळी चालवावी.

ओहोटीमुळे खरा बदल होतो तो वाऱ्यात. पाण्याबरोबर सरकणाऱ्या होडीला मिळणारा वारा आणि नांगरलेल्या समिती नौकेवरचा वारा एक नसतो. वायव्येचा ५ नॉट (ताशी सागरी मैल) वारा आणि दीड नॉट ओहोटी असेल, तर आपल्याला वारा १५ अंशांपेक्षाही अधिक डावीकडून मिळतो. १० नॉट वाऱ्यात हा फरक आठ-नऊ अंशांवर येतो. समितीने नांगरावरून मोजून सरळ लावलेली सुरुवातीची रेषा त्यामुळे पिनच्या, म्हणजे रेषेच्या डाव्या टोकाच्या बोयाच्या, बाजूला झुकलेली असते. सगळा ताफा पिनकडे धावतो, आणि ओहोटीही तिकडेच ओढत असल्याने शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिथे पिनला घासणाऱ्या आणि पिनच्या पलीकडे वाहून जाणाऱ्या होड्यांचा गुंता होतो. मी नेहमी रेषेच्या मधल्या टप्प्याच्या थोडे डावीकडे, पण ओहोटीच्या वरच्या अंगाला वाट पाहत थांबत असे आणि शेवटी पाण्याला मला खाली आणू देत असे.

किनाऱ्याविषयी माझे मत ठाम आहे, पण ते मोजमापावर अवलंबून आहे. शर्यतीपूर्वी अर्धी भरलेली पाण्याची बाटली एकदा खालच्या बोयाजवळ आणि एकदा किनाऱ्याच्या पट्ट्यात सोडावी आणि ३० सेकंदांत ती किती लांब गेली ते पाहावे. एका नॉटला ती सुमारे १५ मीटर जाते, म्हणजे एंटरप्राइजच्या जवळजवळ चार लांबी. दोन ठिकाणच्या प्रवाहांत अर्ध्या नॉटपेक्षा अधिक फरक असेल आणि वारा आठ-दहा नॉटच्या आत असेल, तर तुटक वारा सोसूनही कडेला जावे: सुटल्यावर स्टारबोर्डवर किनारा गाठावा आणि पोर्टचा उत्तरेकडचा लांब पल्ला त्या मंद पाण्यात काढावा, कारण ओहोटीला तोंड देणारा पल्ला तोच आहे. वारा बारा नॉटच्या वर गेला की होडी ओहोटीवर सहज मात करते. मग सलग वाऱ्याचे मोल अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की कडेचे पाणी मधल्या पाण्याच्या आधी फिरते, म्हणून दुसरी शर्यत उशिरा सुटली तर नांगरलेल्या होड्या पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.

वाऱ्याकडच्या बोयाकडे येताना स्टारबोर्डची रेषा आपल्या अंदाजापेक्षा बरीच उजवीकडे धरावी. ताजचा घुमट आणि बोया एका ओळीत धरून पाहावे. घुमट बोयाच्या मागून डावीकडे सरकू लागला की आपण बोयाच्या खाली जात आहोत. पोर्टवरून आत घुसण्याचा मोह टाळावा, कारण बोया डाव्या हाताला ठेवायचा असताना तीन लांबींच्या क्षेत्रात टॅक घेऊन स्टारबोर्डवरच्या होडीला वर चढायला लावले, तर शर्यतीच्या नियमांतील नियम १८.३ आपल्या विरोधात जातो.

धागाकर्ती

आपण इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रेषा झुकण्याचे कारण वाचून अनेक सुरुवातींचा अर्थ आज लागला. घुमटाची खूण मुलीच्या हाती देईन, कारण जिबवरून तिला ती माझ्यापेक्षा नीट दिसते. आता फक्त खाली उतरण्याच्या पल्ल्याविषयी विचारते. व्हिस्कर पोल लावल्यावर आम्ही सरळ बोयाकडे नाक ठेवतो आणि शेवटी बोया डावीकडे राहून जातो; मग पोल काढून उरलेले अंतर वारा आडवा घेऊन कापावे लागते. तिथे काय करावे?

प्रतिसाद १

बोयाकडे नाक ठेवू नये, हेच उत्तर. खालच्या बोयामागे उरणजवळच्या द्रोणागिरीच्या डोंगराची एखादी ठळक कड निवडावी आणि ती कड व बोया एका ओळीत राहतील इतके नाक पहिल्यापासूनच डावीकडे, म्हणजे ओहोटीच्या वर ठेवावे. ओहोटीमुळे वारा पश्चिमेकडे झुकलेला असल्याने त्या दिशेला तो बरोबर पाठीमागून मिळतो, जिब फाकवलेली राहते आणि पोल बोयाजवळ येईपर्यंत काढावा लागत नाही. बाकीचा ताफा उजवीकडे घसरत असताना आपण एकट्याच वर असल्यासारखे वाटेल. तेव्हा ताफ्याकडे न पाहता डोंगराकडे पाहावे. मात्र संध्याकाळी वारा पडू लागला तर नाक आणखी डावीकडे न्यावे लागेल, कारण होडीचा वेग कमी होतो पण ओहोटीचा होत नाही. आणि बोया वळताच पुढचा टॅक कोणता घ्यायचा, ते खाली येतानाच दोघींनी ठरवून ठेवावे.