कारखान्याच्या पाटीला स्लॅब सेरिफ अक्षर शोभते का?

मूळ धागा (उद्यमबाग, बेळगाव)

आमच्या ओतकामाच्या कारखान्याची नवी पाटी करायची आहे आणि तेच अक्षर ओतीव मालावरही उमटवायचे आहे. रोमन नावासाठी स्लॅब सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना जाड चौकोनी पाय असलेले अक्षर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. लंडनचे छपाईचे खिळे ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या 1815 च्या सुमाराच्या नमुन्यांत ते दिसते. पुढे याच घडणीचे 1845 मध्ये क्लॅरेंडन आणि 1934 मध्ये रॉकवेल हे टाइप आले. रॉकवेलमध्ये रेघ आणि पाय जवळजवळ एकाच जाडीचे असल्याने अक्षर गर्डर जोडून उभे केल्यासारखे दिसते. लोखंड ओतणाऱ्याच्या दारावर याहून खरे अक्षर मला सुचत नाही.

प्रतिसाद (पॅटर्नकाम, मच्छे)

दारावर जरूर लावा, मालावर मात्र नको. पॅटर्नवर, म्हणजे रेतीत दाबून साचा घ्यायच्या नमुन्यावर, उठावाचे अक्षर बसवले की साच्यात त्याचा खळगा पडतो आणि दोन अक्षरांमधली रेती बारीक भिंतीसारखी उभी राहते. एच आणि एम शेजारी आले की त्यांचे पाय एकमेकांच्या इतके जवळ जातात, की पॅटर्न उचलताना ती भिंत ढासळते आणि ओतल्यावर दोन्ही अक्षरे खालून चिकटलेली निघतात. हे काम मी स्वतः ग्राइंडरने निस्तरले आहे, साहेब. मालावर बिनपायाचे, बाजूंना पुरेसा ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न सहज सुटावा म्हणून उतार, दिलेले साधे अक्षरच टिकते.

प्रतिसाद (पाट्या रंगवणारा, खानापूर)

मला तर दारावरही ते पटत नाही. कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड हवे. उरलेल्या जागेत देवनागरी आणि रोमन बसवताना हे ऐसपैस अक्षर मराठीच्या वाट्याची जागा खाते. शिवाय रोमनला पाय दिले की गिऱ्हाईक मराठीलाही पाय मागते. मी एकदा तसे करून पाहिले. ‘मामा’ या शब्दातल्या चारही दंडांना ठोकळे लावल्यावर ते एकमेकांना भिडले आणि खालून दुसरी शिरोरेषा ओढल्यासारखे दिसू लागले. ‘गु’ लिहिताना तर उकार कुठून काढावा हेच कळेना. आपल्या लिपीची तुळई वर आहे, तिला खालून टेकू लागत नाही.

धागाकर्ता

मालाबाबत मच्छेच्या दादांचे म्हणणे मान्य आहे, तिथे बिनपायाचेच अक्षर घेतो. मराठीला पाय द्यावेत असे मी म्हटलेले नाही. शिरोरेषा आणि दंड सारख्याच जाडीचे ठेवावेत, म्हणजे तिन्ही लिप्या एका वजनाच्या दिसतील, एवढाच माझा आग्रह आहे. जागेचे म्हणाल तर स्लॅब सेरिफचे अरुंद प्रकारही मिळतात.

प्रतिसाद (पाट्या रंगवणारा, खानापूर)

सारखी जाडी ‘राम’ला चालते, पण आपल्या नावात ‘इंडस्ट्रीज’ आहे. ‘स्ट्री’मध्ये स, ट, रकार आणि वेलांटी एकत्र येतात, त्याच जाडीने काढल्यास आतली पांढरी जागा बुजते आणि रस्त्यापलीकडून नुसता काळा डाग दिसतो. जोडाक्षरात रेघ बारीक करावीच लागेल.

धागाकर्ता

‘इंडस्ट्रीज’ दोन्ही प्रकारे खऱ्या मापाच्या कागदावर काढून पाठवाल का? गेटवर लावून समोरच्या फुटपाथवरून पाहतो. रोमनचा स्लॅब मात्र मी सोडणार नाही.