मिरची कांडप: थ्री फेज वीज घेऊन डंक (मिरची कुटायचं यंत्र) बसवावा का?

मदत हवी आहे. गावात मसाला कांडप चालू आहे, 3 एचपी सिंगल फेज पल्व्हरायझरवर (दळायच्या मशीनवर). मार्च ते मे रोज 40-50 किलो मिरची येते. सलग 10-12 किलो दळलं की चेंबरला हात लावता येत नाही, तिखट काळपट पडतं, वास उडतो. बायका डबा उघडून पाहतात आणि बोलून दाखवतात. त्यात संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं, मोटर नुसती गुणगुणते. दोन कपॅसिटर गेले.

करून पाहिलेलं: मिरची दोन दिवस कडक उन्हात वाळवूनच घेतो (ओलसर असली की जाळीला चिकटते). जाळी मध्यम लावून दोनदा दळण. दर 8 किलोला 20 मिनिटं मशीन बंद. वायर 2.5 ऐवजी 4 चौरस मिमी. फरक थोडाच.

जागा 10 बाय 12, जमीन मुरमाची, शेजारची भिंत सामाईक. विजेचा खांब 30 मीटरवर. बजेट दीड लाख. पीएमईजीपी (उद्योगासाठीची सरकारी कर्ज-अनुदान योजना) सुचवू नका, तिचं पहिलं कर्ज नव्या युनिटलाच मिळतं.

डंक चालवणाऱ्यांनी सांगा: तासाला खरोखर किती किलो निघतं, आणि हादरा शेजारी जाऊ नये म्हणून पायाचं काँक्रीट किती खोल घेतलंत?